माशीमावशी

माझ्या आईनं माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला कधी मनापासून चांगलं म्हटलं नाही. जिच्या हातचा शिरा खाऊन ती खूश झाली, तिनं तो माशांसाठी केला होता.

ही गोष्ट नांदेडची. एमएस्सीला प्राणिशास्त्र घेऊन मी आणि ती शिरा करणारी, अशा दोघी मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. मी लोह्याची, ती हदगावची. एकदा आई न कळवता लोह्याहून मला भेटायला आली. मी लायब्ररीत होते. परत आले तर आई माझ्या खाटेवर मांडी घालून वाटीतला शिरा बोटानं निपटून खात होती.

"गोड हात हाय पोरीचा," आई म्हणाली. "शिक जरा हिच्याकडून."

माझी ही मैत्रीण कोपऱ्यात स्टोव्हपाशी बसून पातेल्यातला उरलेला रवा आणि गूळ दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत ओतत होती.  आईला बसमध्ये बसवून आल्यावर मी हिला विचारलं, "तू माझ्या आईला माशांचं खाणं घातलंस?"

"यीस्ट टाकायच्या आधीच काढून दिलं की," ती म्हणाली. "वरून तूप बी सोडलं. उपाशी आल्त्या त्या."

केळं पिकून काळं पडलं की त्यावर एक बारीक, लाल डोळ्यांची माशी घोंगावायला लागते. ती माशी हिनं पाळली होती. बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी रवा-गुळाची खीर आणि आत माशांचा सगळा संसार. माशीच्या अंड्यात, अळी बाहेर पडायच्या आधीच, शरीराचे कप्पे पडलेले असतात. डोकं कुठं येणार, छाती कुठं, पोट कुठं, हे ठरवणारे जीन्स असतात. त्या जीन्सचा तिला नाद लागला होता. नाद हाच शब्द त्याला बरोबर आहे. आमच्या पुस्तकात यावर दीड पान होतं. ते मला स्वल्पविरामासकट पाठ होतं. तिला ते पाठ नव्हतं, पण ती अंडी काळ्या कागदावर घेऊन भिंगाखाली तासन्तास बघत बसायची आणि मध्येच मला म्हणायची, "ए, बघ की, आता पट्टे पडून राहिले." मी बघायची नाही. मला परीक्षा होती.

परीक्षेत मी पहिली आले. ती कितवी आली हे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बोर्डावर माझं नाव वाचून धावत आली आणि मला कडकडून मिठी मारली. तिचे हात गुळानं चिकट झालेले होते. पहिली आल्याचा आनंद मी त्या दिवशी नीट घेऊ शकले नाही. आपण जे मिळवलं ते हिला हवंच नव्हतं, हे मला तेव्हाच कुठंतरी लागलं होतं.

पुढं माझं सगळं वेळेवर झालं. लातूरच्या एका कॉलेजात कायम नोकरी, बँकेतला नवरा, स्वतःचं घर, मुलगी. ती मैत्रीण मात्र बेंगळुरूला कुणाच्या तरी प्रयोगशाळेत गेली, काही वर्षांनी वडिलांच्या आजारपणासाठी परत आली आणि आमच्या विभागात जागा निघाली तेव्हा तिथं लागली. जागा निघाल्याचं तिला मीच कळवलं होतं. येताना तिनं सामान थोडं आणलं होतं, पण मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत बाटल्या. रेल्वेत शेजारच्या बाईनं विचारलं म्हणे, "लोणचं हाय का?" तर ही म्हणाली, "न्हाई, लेकुरवाळ्या हायत."

लातुरात तिनं एका डाळमिलच्या मागं दोन खोल्या घेतल्या. एक तिची, एक माशांची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात या माशांना अंडी धरवत नाहीत, म्हणून कूलर माशांच्या खोलीत असायचा आणि ही गच्चीवर सतरंजी टाकून झोपायची. पाण्याच्या टंचाईच्या वर्षी तांदूळ धुतलेल्या पाण्यात बाटल्या विसळायची आणि पोत्याची ओली फडकी खिडकीला लावायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असे. लांबून ते मंगळसूत्रासारखं दिसायचं. नव्या ओळखीच्या बायका विचारायच्या, "तुमचे मिस्टर काय करतात?" ती भिंग वर उचलून दाखवायची आणि म्हणायची, "हे करतात सगळं."

कुठल्याही गोष्टीवर तिचं एकच वाक्य असायचं: "आधी डोकं कुठं अन् बूड कुठं ते ठरू द्या, बाकीचं मग बघू." विभागाच्या बैठकीत म्हणायची, सहलीच्या बसमध्ये चढणाऱ्या मुलांना म्हणायची, मांडववाल्यालाही म्हणायची. लग्नात जेवण झालं की मागं जाऊन फळांच्या करंड्यांतली उतरलेली केळी मागून घ्यायची. मुलं तिला माशीबाई म्हणत. माझी ऋतुजा चार-पाच वर्षांची असताना तिनं कुणी न शिकवता तिला 'माशीमावशी' म्हणायला सुरुवात केली. माझ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. त्यांना ऋतुजा अजूनही 'आईच्या बहिणी' असंच म्हणते.

तिच्या शिकवण्याबद्दल एक प्रसंग सांगितला की पुरे.

मी वर्गात शिकवत होते आणि अचानक ठसका लागला. मला लागला, पुढच्या बाकांवरच्या मुलांना लागला. बाहेर बघते तर लांबलचक व्हरांड्यात तिनं आपला अख्खा वर्ग एका रांगेत उभा केला होता. रांगेच्या एका टोकाला स्टोव्ह, स्टोव्हवर तवा आणि तव्यावर सुक्या लाल मिरच्या जळत होत्या. तव्याजवळची पोरं खोकून वाकली होती, मधल्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि लांबच्या टोकाची मजेत उभी होती.

"ज्यांना ठसका लागला ते डोकं," ती पदर नाकाला लावून ओरडून सांगत होती. "ज्यांच्या नुसतं डोळ्याला पाणी आलं ते छाती. ज्यांना काहीच झालं न्हाई ते पोट. आता कळलं का? आई अंड्याच्या एका टोकाला निरोप ठेवून जाते. तिथं तो दाट असतो, मग पातळ, पातळ होत जातो. अंड्यातल्या परत्येक पेशीला कुणी नाव घेऊन सांगत न्हाई तू कोण ते. आपल्यापर्यंत धूर किती आला ते तिचं तिनं बघायचं अन् त्यापरमाणं व्हायचं."

एका मुलीनं विचारलं, "आन् मिरच्याच नसल्या तर, मॅडम?"

"मग डोकंच होत न्हाई, बाई. पुढूनबी शेपूट अन् मागूनबी शेपूट. अशी अळी जगत न्हाई."

तेवढ्यात प्राचार्य जिना चढून आले, नेमके तव्याच्या बाजूनं. त्यांना बोलताच येईना. रुमाल तोंडावर धरून ते हातानंच 'हे काय' असं विचारत राहिले. ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "सर, तुम्ही डोक्यात आलात. त्या जिन्यानं आला असतात तर पोटात गेला असतात." मुलं खोकत खोकत हसली. प्राचार्यसुद्धा हसले. माझ्या वर्गातली मुलं खिडकीच्या गजांना लटकली होती आणि माझ्यामागं फळ्यावर अंड्याची सुंदर, रंगीत खडूंची आकृती एकटीच होती.

त्या वर्षीचे पेपर तपासायला माझ्याकडे आले. 'अंड्यातील शरीराची आखणी' या प्रश्नाला तिच्या मुलांनी पानंच्या पानं लिहिली होती. एकानं तर 'मिरचीच्या धुराप्रमाणे' असंच लिहिलं होतं. उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण गुण दिले आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

लोकांना वाटेल, मी तिचा हेवा करत होते तशी तीही माझा करत असेल. माझ्याकडे हेवा करण्यासारखं बरंच होतं. नवीन घराच्या वास्तुशांतीला तिला बोलावलं तेव्हा मी मुद्दाम सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या. ती स्वयंपाकघरात थबकली. मला वाटलं, ओटा आवडला असेल. ती म्हणाली, "तुझ्या सिंकपाशी किती छान माशी हाय गं. देतीस का?" आणि पर्समधून कापसाचा बोळा लावलेली बाटली काढली.

ऋतुजा डॉक्टर होणार हे आमच्या घरात ती शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं. लातुरात राहायचं, आई जीवशास्त्र शिकवणारी, गल्लीगल्लीत क्लासेस, मग दुसरं काय ठरणार? पहिल्या वर्षी तिला वैद्यकीयच्या प्रवेशाइतके गुण मिळाले नाहीत. दुसऱ्या वर्षीही मिळाले नाहीत. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. ताट घेऊन आपल्या खोलीत जायची आणि निम्मं टाकून आणायची. मी दाराबाहेर उभी राहून पानं उलटल्याचा आवाज येतो का ते ऐकायची. आवाज यायचा. फार सारख्या अंतरानं यायचा, वाचणाऱ्याचा येतो तसा नाही.

मग ती रविवारी माशीमावशीकडे जाऊ लागली. मीच म्हटलं, जा, तेवढंच मन रमेल. दोन-तीन रविवार गेले आणि तिच्या केसांना एक आंबूस वास यायला लागला. वसतिगृहातल्या आमच्या खोलीला यायचा तोच वास. त्या वासानं माझं डोकं भणाणून गेलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी तिला आणायच्या निमित्तानं स्कूटी काढली आणि डाळमिलच्या मागं गेले. फाटकापाशीच मला हसणं ऐकू आलं. माझ्या मुलीचं हसणं मला लगेच ओळखू आलं नाही, इतके दिवस झाले होते ते ऐकून.

आत गेले. ऋतुजा सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. माशीमावशी शेजारी बारीक कुंचला घेऊन भूल दिलेल्या माशा एकेक करून सरकवत होती. मला बघून ऋतुजा म्हणाली, "आई, ये, ये ना. हे बघ."

मी डोळा लावला. माशीचं डोकं होतं. मोठे लाल डोळे, आणि मधोमध, जिथं दोन इवल्या मिशा असायला हव्यात, तिथं दोन पाय. चांगले सांधे असलेले, केसाळ, पूर्ण पाय, कपाळातून उगवलेले. ही आकृती मी कैक वर्षं फळ्यावर काढत आले होते. खरी माशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"एकच जीन, आई," ऋतुजा म्हणाली. "छातीत चालू व्हायचा तो डोक्यात चालू झाला. तेवढ्यानं त्या जागेला वाटलं, आपण पाय व्हायचं."

तिचे गाल लाल झाले होते. मला माझाच विषय माझी मुलगी सांगत होती, आणि तो तिला कुणीतरी दुसरीनंच दिला होता.

"हो," मी म्हटलं. "होमिओटिक म्युटेशन. दोन गुणांना येतं."

ऋतुजाचा चेहरा मिटला. ती बाटल्या उचलून मोरीकडे धुवायला गेली.

मी हळू आवाजात तिला म्हटलं, "काय सांगायलीस तू तिला?"

"काहीच न्हाई. बाटल्या धुवायला लावते."

"तिची परीक्षा हाय परत."

"हाव, माहीत हाय." ती कुंचला पुसत होती. "तिला द्यायची न्हाई."

"हे तिनं तुला सांगितलं?"

"तुला सांगायला भेली."

"ती माझी मुलगी हाय."

"मी कुठं न्हाई म्हणून राहिले?" ती म्हणाली. मला वाटतं तिला दुसरं कसं बोलावं हे येतच नव्हतं, म्हणून माशीवर गेली. "अंड्यात आधी सगळं आईच्या निरोपावर चालतं. मग पिल्लाचे सोताचे जीन्स चालू होतात, आन् आईचा निरोप विरून जातो. तो विरला न्हाई तर पुढं काहीच व्हत न्हाई."

"मला नको शिकवूस. हे मी दर वर्षी शिकवते."

"हाव, शिकवतीस की," ती म्हणाली. "चांगलं शिकवतीस. ऋतुजाला जे येतं ते सगळं तुझंच हाय. मी निस्त्या माशा दाखविल्या."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच बोलत होती. मी ऋतुजाला मागं बसवून घरी आणलं.  घराशी आल्यावर हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, "आई, मी तिसऱ्यांदा बसणार नाही." मी म्हटलं, "कळलं मला." नवरा आठवडाभर धुमसला. मग त्याचाही राग थकला.

ऋतुजानं बीएस्सी केलं, आमच्याच कॉलेजात. तीन वर्षं घर, वर्ग आणि डाळमिलच्या मागची ती खोली. मला ती वर्गात 'मॅडम' म्हणायची, माशीमावशीला मात्र वर्गातसुद्धा चुकून 'मावशी' म्हणायची आणि सगळा वर्ग हसायचा. नंतर लांबच्या शहरात एमएस्सी, आणि मग एका मोठ्या संस्थेत संशोधनासाठी मुलाखत. त्या मुलाखतीच्या निकालाची आम्ही वाट बघत होतो.

स्टाफरूममध्ये मी हजेरी भरत होते. माशीमावशी दारातून आली ती हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच, आणि माझ्या तोंडात पेढा कोंबून म्हणाली, "निवडली गं तुझी लेक! पाच जणांतून उचलली तिला." बाकीचे उठून माझं अभिनंदन करू लागले. पेढा माझ्या तोंडात तसाच होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं की मला यातलं काहीच माहीत नाही. आजवर तिला लोकांच्या चेहऱ्यावरचं काही कळतं असं मला वाटत नव्हतं. ती घाईघाईनं म्हणाली, "तुझा लागत नसंल. म्हणून माझ्याकडं केला असंल तिनं. इथं रेंजच न्हाई तुझ्या टेबलापाशी."

माझा फोन टेबलावरच होता. रेंज भरपूर होती. थोड्या वेळानं तो वाजला. ऋतुजा. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि सगळं ऐकून म्हटलं, "हो का? खरंच? अगं, किती छान बातमी दिलीस." मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरं जमलं.

त्याच्यापुढच्या वर्षी माशीमावशीनं निवृत्तीच्या मुदतीआधीच नोकरी सोडली. तिची आई हदगावला एकटी होती आणि तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. निरोपसमारंभात मुलं रडली, अगदी मुलगेसुद्धा. मला भाषण करायला लावलं. चांगलं झालं म्हणतात.

गेल्या दिवाळीत ऋतुजा चार दिवसांसाठी आली. आल्या आल्या म्हणाली, "एक दिवस हदगावला जाऊन येते." मी म्हटलं, मीही येते. तिला आश्चर्य वाटलं. मलाही वाटलं. नांदेडला बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता.

ती स्टँडवर उभी होती. केस पूर्ण पांढरे झालेले, साडी कशीही नेसलेली. ऋतुजानं तिला मिठी मारली, आणि ती मिठी जरा जास्तच वेळ टिकली. घरी गेल्यावर ऋतुजानं लॅपटॉप काढून तिला आपलं काम दाखवलं. पडद्यावर एका अंड्यावर हिरवे चमकते पट्टे एकेक करून उमटत होते. ती भिंग डोळ्याला लावून पडद्यावर वाकली. ऋतुजा हसली, "मावशी, ते आधीच मोठं केलंय." ती म्हणाली, "असू दे, सवय हाय." दोघी किती वेळ बोलत होत्या. मधले काही शब्द मलासुद्धा नवीन होते. म्हातारी आत पडून होती आणि मी तिच्या उशाशी बसले होते.

मग ऋतुजा म्हातारीला हाताला धरून शेजारच्यांकडे जरा फिरवायला घेऊन गेली आणि आम्ही दोघीच ओट्यावर उरलो. तिनं चहा आणला. गूळ घातलेला होता.  मग तिनं विचारलं, "ए, ही लहानपणी कशी होती गं?"

"कोण?"

"ऋतुजा. मी आले तवा चार वर्षांची होती. त्याच्या आधी. तानी असताना कशी होती? रडायची का लई? काय खायची?"

माझ्याबद्दल, माझ्या घराबद्दल, इतक्या वर्षांत तिनं मला कधीच काही विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती दोन्ही हातांत कप धरून, पुढं वाकून, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी सांगितलं. जन्मली तेव्हा डोक्यावर किती दाट जावळ होतं, ते. वरणाचं नुसतं वरचं पाणी प्यायची, ते. चालायला उशिरा लागली, बसल्या जागीच सरकत घरभर फिरायची आणि फरशी पुसून निघायची, ते. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं डोळे मिटून घेतले, जणू ते सरकणं तिला बघायचं होतं.

एक गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ऋतुजाला ताप आला की ती झोपेत मला एका नावानं हाक मारायची. ते नाव तिनंच केलेलं होतं. कुठल्याही भाषेत त्याला काही अर्थ नाही. ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही, आणि ऋतुजाला आता आठवतही नसेल.

"अजून सांग की," ती म्हणाली.

"एवढंच आठवतं," मी म्हटलं, आणि चहा संपवला.